मुधोळचं पिल्लू

कळंब्याच्या एका माणसाकडं मुधोळ जातीची शिकारी कुत्री होती. मी पिल्लू मागितलं, तेव्हा त्यानं आधी दोन महिने दर रविवारी मला कुत्र्यांबरोबर तळ्याकाठी पळायला लावलं. बोलताना तो माझ्याकडं बघायचाच नाही, कुत्र्यांच्या पायांकडं बघायचा.

"पावणं, हे पळायचं जनावर हाय. बांधून घालायचं आसंल तर न्हाय मिळायचं."

मी शब्द दिला आणि पिल्लू घरी आणलं. पिल्लू मोठं झालं आणि त्याला पळवायला माझं पहाटे उठणं बंद पडलं.

एकदा तो माणूस न सांगता घरी आला. कुत्रा जिन्याखाली साखळीला होता. त्यानं साखळी सोडली आणि कुत्र्याला घेऊन गेला. माझी मुलगी रडत राहिली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, याचीच अजून लाज वाटते.