धुऱ्यावरचा दगड आणि उगवतीचं ऊन

चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढं वाचलं ते किराणा बांधून आलेल्या कागदावरचं आणि लग्नपत्रिकांवरचं. त्यामुळे नांदेडला शिकणाऱ्या मुलीने तिचा जुना फोन आणि निसर्गाचे फोटो कसे काढावेत यावरची दोन जुनी मराठी पुस्तकं दिली, तेव्हा मी फोन तेवढा घेतला. पुस्तकं कोठीवर गेली. पण आपलं शेत डोळ्याला किती देखणं दिसतं, आणि फोटोत मात्र डांबर ओतल्यासारखं सपाट. शेवटी पुस्तकं खाली काढली.

एका पानाला दोन दिवस लागायचे. 'अग्रभाग' या शब्दापाशी तर मी आठवडाभर अडले. मुलीला फोनवर विचारलं.

"आई, आपल्या पायापाशी जे दिसतं ते," ती म्हणाली.

"मग तसंच लिहायचं की."

"ते तू लिही," ती हसली.

माझी चूक पुस्तकाने मला दाखवली. मी दुपारी भाकरी घेऊन जायची तेव्हा फोटो काढायची. त्या वेळी ऊन डोक्यावर, सावल्या पायाखाली. सूर्य खाली असताना ऊन आडवं येतं, मग एकेका ढेकळाला सावली मिळते आणि जमीन उठून दिसते, असं त्यात होतं. आभाळाला चौकटीचा तिसरा हिस्सा द्यावा, बाकी जमिनीला. आणि अग्रभागात डोळा थांबेल असं काहीतरी असावं.

येळवस चार दिवसांवर आली होती. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, रानात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आम्ही येळवस म्हणतो. आमचं वावर आणि चुलत दिरांचं वावर एकाला लागून, मध्ये फक्त धुरा, म्हणजे बांध. वाटणी आजेसासऱ्यांच्या काळात झाली, पण येळवशीला कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, एकच घालायची आणि दोन्ही घरांनी तिच्यात बसून जेवायचं, हे कधी मोडलं नव्हतं.

त्या दिवशी उजाडताच मी वावरात गेले. आधी स्वतः फिरून बघा, असं पुस्तकात होतं, म्हणून एक फोटो विहिरीच्या कठड्यावरून काढला, एक जनावरांच्या हौदापासून. ऊन आडवं आलं होतं, हरभऱ्याची ओळ न् ओळ दिसत होती. फक्त अग्रभाग रिकामा. धुऱ्यावर दुरडीएवढा एक दगड होता. काळ्या रानाला भेगा पडून तो ढिला झालेला. फोटोपुरता घ्यावा आणि परत ठेवावा, असं मनात आलं. लोटत आणला, फोटो काढले, परत लोटत नेला. तोवर पाण्याची पाळी आली, पाट फुटला आणि सगळा चिखल एकसारखा झाला. दगड मी अंदाजाने ठेवला.

संध्याकाळी चुलत दीर दारात उभे. सासऱ्यांना म्हणाले, "काका, दगड आमच्या वावरात दीड हात आलाय. येळवस तोंडावर हाय अन् तुमी धुरा कोरायलात."

"आमच्या घरातल्या कुणी हात लावला न्हाई," सासरे म्हणाले.

मी दाराआड होते. दिरासमोर मी कधी धड बोललेही नव्हते.

"मी हालविला," मी म्हणाले.

"कशापायी?"

"फोटोत अग्रभाग पाहिजे होता."

"काय पाहिजे होता?" नवऱ्याने विचारलं.

कुणी हसलं नाही. दीर चपला घालत म्हणाले, "पुस्तक वाचून धुरा सरकविणारी बाई पहिल्यांदाच बघितली. या साली आमची कोप आमच्या वावरात."

म्हणजे एवढ्या वर्षांची पंगत माझ्यामुळे मोडणार होती. सासरे एवढंच म्हणाले, की वाटणीच्या वेळी त्या दगडाखाली कोळसे आणि खापऱ्या पुरल्या होत्या, ते कुजत नाहीत. पण एवढ्या चिखलात खणायचं कुठं?

चुलीपुढं बसून मी फोन उघडला. दगड हलवायच्या आधीचे ते दोन फोटो होतेच. पहिल्यात दगड बरोबर विजेच्या खांबाखाली दिसत होता. दुसऱ्यात दूरच्या बाभळीच्या बुंध्याखाली. मला एकदम कळलं.

सकाळी धुऱ्याचं ऐकून वावरात दिरांसह सात-आठ माणसं जमली होती. मी विहिरीच्या कठड्यावर काल होते तिथंच उभी राहिले आणि नवऱ्याला सांगितलं, "पहार घ्या आन् खांबाच्या रोखानं चाला." कठड्यापासून तिथवर एक दोरी बांधायला लावली. मग हौदापाशी गेले आणि बाभळीच्या रोखाने दुसरी. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"दोऱ्या जिथं एकमेकीवर येतात, तिथं खणा."

"फोटो बघून जमीन मोजायची का आता?" एकजण म्हणाला.

"खणू द्या की," सासरे म्हणाले.

वीतभर खणलं आणि पहार खापरीवर वाजली. खाली कोळसे, मूठभर. दिरांनी एक कोळसा उचलला, बोटांनी चोळून पाहिला आणि दगड स्वतः उचलून खड्ड्यात बसवला. सासऱ्यांनी पायाने माती दाबली.

"कडबा कुणाच्या गंजीचा घ्यायचा, काका?" दिरांनी विचारलं.

"तुझ्या. आमचा गेल्या साली झाला."

म्हणजे कोप एकच होणार होती. दीर फोन मागून घेऊन फोटो बघत राहिले. आडव्या उन्हातला हरभरा त्यांनी बोटाने मोठा करून पाहिला.

"हे आपलंच रान हाय का? वैनी, आमच्या बाजूचा बी एक काढा. पर दगडाला हात लावू नका."

आता सगळे हसले, मीही. मग मी म्हणाले, "आता न्हाई, भावजी. ऊन वर आलंय. उद्या उगवतीला या."

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा ते बैलजोडी धुऊन, शिंगांना तेल लावून उभे होते. मी कठड्यावर चढले, फोन डोळ्यापुढं धरला आणि म्हणाले, "दोन पावलं डावीकडं सरका. आन् आभाळाकडं नका बघू, बैलाकडं बघा."

ते सरकले.