बुधाला चुंबकत्व नाही

चंदीगडच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी दोन वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तिथे ज्ञानाला शून्य आणि ट्रिकला सोन्याचा भाव होता. आमचे संचालक आधी इंडस्ट्रियल एरियात नळाच्या तोट्या बनवायचे. तोट्या गळायला लागल्या तेव्हा ते शिक्षणाकडे वळले. इथे काय गळतंय ते पालकांना दिसत नाही. झिरकपूरच्या ट्रॅफिकमध्ये तास तास अडकून आलेले बाप गेटवर पोराला एवढंच विचारायचे, "आज कौनसी ट्रिक कराई?"

खडकाळ ग्रहाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं का, यावर संचालकांची ट्रिक अशी: मोठा आणि जोरात फिरणारा असेल तर आहे, लहान किंवा सुस्त असेल तर नाही. संपलं. पोरं माना डोलवत लिहून घ्यायची. खरं तर ग्रहाच्या पोटात वितळलेलं लोखंड लागतं, आणि ते नुसतं असून भागत नाही. आतली उष्णता बाहेर पडताना ते ढवळत राहावं लागतं. मंगळ जवळजवळ पृथ्वीइतक्याच वेगाने स्वतःभोवती फिरतो, पण त्याचं हे काम कधीच बंद पडलंय. बुध बारका, त्यात महासुस्त, तरी त्याला क्षेत्र आहे. दुबळं आहे, पण स्वतःचं आहे. अंतराळयानं तिथे जाऊन ते मोजून आली आहेत. पण हे समजावायला पंधरा मिनिटं लागतात, आणि पंधरा मिनिटांत आमच्याकडे तीन धडे उरकायचे.

दर पंधरवड्याला परीक्षा व्हायची आणि तिच्या गुणांवर दोन बॅचेस नव्याने लागायच्या. पहिलीला आम्ही शिकवायचो. दुसरीला जुने पेपर सोडवत बसवायचे. तिथून वर आलेलं पोर मी पाहिलं नाही. एका पेपरात विधान आलं: बुध स्वतःचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, बरोबर की चूक? उत्तरसूचीत 'चूक'. अख्ख्या वर्गात एकाच मुलीनं 'बरोबर' लिहिलं, आणि त्या एका प्रश्नानं ती दुसऱ्या बॅचच्या काठावर आली.

ती साताऱ्याकडची. वडील हवाई दलात, बदल्यांमुळे शाळा सगळ्या उत्तरेत. मराठी समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. पुस्तक घेऊनच ती स्टाफरूममध्ये आली. "मॅम, फील्ड तो है ना?"

"आहे. तुझंच बरोबर आहे. यादी सोमवारी लागते, त्याआधी मी सरांशी बोलते."

"पक्का?"

"पक्का," मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

शनिवारी मीटिंग होती. समोसे आले होते. केमिस्ट्रीचे गुरुजी चटणीत बुडाले होते, गणिताचे मोबाइलमध्ये. या माणसांना मी दोन वर्षं मनातल्या मनात माठ म्हणत आले होते आणि त्यात माझं काही चुकलं नव्हतं. माझ्या पर्समध्ये बुधाबद्दलचा छापलेला कागद होता. संचालकांनी विचारलं, "इस बार की आन्सर-की में किसीको दिक्कत?" मी पर्सची चेन उघडली. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "मॅडम जी, बच्चे आपकी बडी तारीफ करते हैं. अगले सालसे फर्स्ट बॅच की पूरी फिजिक्स आपकी. हां, तो कोई दिक्कत?"

"नो सर," मी म्हणाले.

एवढंच. कोणी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. ज्याला माझ्या लेखी काडीची किंमत नव्हती, त्या माणसानं पाठ थोपटली आणि मी शेपूट हलवली. मग समोसाही खाल्ला.

सोमवारी यादी लागली. मुलगी दुसऱ्या बॅचमध्ये गेली होती. ती जिन्यात भेटली तेव्हा मी सरळ खोटं बोलले: "खूप सांगून पाहिलं गं. ऐकतच नाहीत." तिनं मान डोलवली. तिला ते खरंच वाटलं.

दोन दिवसांनी क्लास सुटताना तिची आई स्कूटरवरून आली. हेल्मेट काढून थेट माझ्यापाशी.

"पोरगी सांगत हुती, म्याडम माझ्यासाठी सरांशी लई भांडल्या. न्हाई झालं, जाऊ द्या. पन एवढ्या लांब आपलं मानूस पाठीशी हुबं ऱ्हायलं, ह्येच लई झालं बघा." मग लेकीकडे वळून म्हणाली, "बघत काय बसलीस? पाया पड म्याडमच्या."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि तिथे संचालक नव्हते, चटणीत बुडालेलंही कोणी नव्हतं.

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.