खोडरबर आणि पालथा कप

सकाळचा चहा समोर आला की ते आधी कप बशीतल्या बशीत सावकाश एक फेरा फिरवत आणि मगच पहिला घोट घेत. "अहो, कालचाच कप आहे तो," बायको म्हणायची. "कालच्या बाजूने कालचा," एवढंच ते म्हणत.

लष्कराच्या विमानतळावर ते ड्राफ्ट्समन होते. एक रेघ काढायची, दोनदा खोडायची, तिसऱ्यांदा काढायची, असा त्यांचा खाक्या. म्हणून सगळे त्यांना खोडरबर म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कागदावरची रबराची भुकटी ते कधी हाताने पुसत नसत, एका जुन्या पिसाने झाडत.

एकदा दुपारी चारच्या सुमारास फाटकावरच्या पहारेकऱ्याला धावपट्टीच्या टोकाशी, आकाशात काहीतरी थबकलेलं दिसलं. त्याने भोंगा वाजवला. उतरायला आलेली दोन विमानं माघारी वळवावी लागली, आणि रडारवर तर काहीच नव्हतं. चौकशीला बाहेरून एक मेजरसाहेब आले. पहारेकऱ्याला भास झाला असं ठरलं, तर त्याची नोकरी जाणार होती. त्याचं मूल अजून रांगतही नव्हतं.

दुसरा साक्षीदार एकच, कॅन्टीनचा आचारी. कॅन्टीन धावपट्टीच्या त्या टोकाला. गच्चीवर फडकी वाळत घालताना त्याने वर पाहिलं होतं. दोघांना वेगवेगळं बसवून चित्र काढायचं काम खोडरबरकडे आलं. काय होतं, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. कुठे उभा होतास, हात लांब धरलास तर अंगठ्याच्या नखाएवढं होतं की मोठं, कडा कुठे वळली, एवढंच विचारत राहिले, आणि साक्षीदाराने मान हलवली की खोडत राहिले.

संध्याकाळी मेजरसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहारेकऱ्याच्या कागदावर खाली सपाट, वर घुमटासारखा आकार होता. आचाऱ्याच्या कागदावर निव्वळ गोल. दोघांपैकी एक तरी थापा मारतोय, बहुधा दोघेही, असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खोडरबरने उभा जन्म एकच नटबोल्ट समोरून, बाजूने आणि खालून काढण्यात घालवला होता. ते म्हणाले, "साहेब, तेवढा चहा संपवा. कप हवाय."

त्यांनी तो कप पालथा करून मेजरसाहेबांच्या डोळ्यांच्या रेषेत धरला, फाटकावरून दिसावा तसा. मग थेट त्यांच्या डोक्यावर नेला. मेजरसाहेबांनी मान वर केली आणि उरलेला थेंब त्यांच्या कॉलरवर पडला.

"आता कप एक झाला की दोन?"

मेजरसाहेब हसले नाहीत, पण पेनाला टोपण घातलं. मग नकाशा मागवून पहारेकऱ्याने दाखवलेली दिशा त्यावर आखली. रेघ नेमकी कॅन्टीनच्या गच्चीवरून गेली.

तरी चित्राखालची ओळ त्यांना खुपत होती. तिथे खोडरबरने लिहिलं होतं, 'काय होते ते कळले नाही.' ती खोडा आणि हवामानाचा फुगा लिहा, प्रकरण आजच मिटवू, असं मेजरसाहेब बऱ्याच सौम्यपणे म्हणाले.

"त्या दिवशी फुगा कुणी सोडलाच नव्हता, साहेब. आणि फुगा लिहिला, तर पहाऱ्यावरचा पोरगा फुग्याला भ्याला असं होईल. दिसलं तेवढंच काढलंय मी." आणि ज्या रबरावरून नाव पडलं, ते त्यांनी खिशात टाकलं.

ओळ तशीच राहिली. पहारेकऱ्याची नोकरीही राहिली. खोडरबरची बढती मात्र त्या वर्षी हुकली. घरी त्यांनी ते पेन्सिल संपल्यासारखं सांगितलं आणि जेवायला बसले.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी ते दवाखान्यात होते. हात उचलवत नव्हता. बायकोने चहाचा कप उशाशी ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, जरा फिरव ना," ते म्हणाले. "इथून त्याचा कान दिसत नाही."