गुळाच्या पाण्याची सोयरीक

ताडी म्हटलं की शहाण्या माणसांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. झोंबू देत. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या डोंगरात ताडीला कोणी दारू म्हणत नसे. पहाटे उतरवलेली ताडी गोड लागायची. ऊन चढलं की मडक्यात ती आपोआप फसफसू लागे, फेस काठावर येई आणि पहिल्या घोटाला नाकात मुंग्या येत. त्याला ना विस्तव लागायचा, ना भट्टी. दुपार टळली की ती आंबून जाई आणि मग तिला कोणी तोंड लावत नसे.

माझा बा ताडी काढायचा, त्याचा बापही तेच करायचा. आजोबांच्या तरुणपणी झाड ज्याच्या बांधावर त्याचं असायचं. पुढे सरकारनं ताडांवर नंबर टाकले आणि परवान्याशिवाय मडकं बांधणं गुन्हा झाला. खालच्या सपाटीवरचा आबकारीचा शिपाई यायचा आणि बुंध्याशी उभा राहून अहिराणीत ओरडायचा, “हाई झाड कोनं शे? नंबर कोठे शे?” बा शेंड्यावरून सांगायचा, “वर ये, दाखवतो.” शिपाई काही वर जात नसे. खाली बसून द्रोणभर पिऊन निघून जाई.

थंडी ओसरू लागली की बा आम्हा दोघी बहिणींना घेऊन सोयऱ्यांच्या ताडबनांतून फिरायचा. पाहुणचार म्हणजे ज्याच्या त्याच्या झाडाची ताडी. ओढ्याकाठची पातळ आणि गोड, खडकातली थोडी पण नाकात जाणारी. बा डोळे मिटून प्यायचा आणि मग यजमानाची खोडी काढायचा, “मडकं धुतोस का नुसतंच बांधतोस?” हसणं, भांडणं, लग्नं ठरवणं, सगळं त्या झाडांखाली चालायचं. पण कितीही घाई असली तरी पहिले चार थेंब जमिनीवर पडायचे. मेलेल्या आजा-पणजांची नावं घेऊन, त्यांना पाजून मग आपण प्यायचं. सोयरीक तर त्याशिवाय होतच नसे. दोन्हीकडच्या बापांनी एकाच द्रोणातून थेंब सांडायचे, मग प्यायचं, आणि तो शब्द मोडायचा नाही.

मग देवी आली. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. समुद्राकडच्या गावांतून माणसांच्या अंगात येत येत ती आमच्या डोंगरात पोचली आणि तिनं सांगितलं, दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. गावंच्या गावं ओळीनं बसून शपथ घेऊ लागली. माझ्या आईचे दोन्ही भाऊ मोहाच्या दारूपायी गेले होते. ती शपथ घेताना रडली, आणि मला वाटतं तिच्याइतक्या मनापासून ती शपथ कोणीच घेतली नसेल. बानंही चढायचा दोर आढ्याला टांगून ठेवला आणि मजुरीला जाऊ लागला.

त्याच दिवसांत माझ्या थोरल्या बहिणीची सोयरीक ठरली. मुलगा दोन डोंगर पलीकडचा, बाजारात तिनं त्याला पाहिलेला, आणि ती एरवी कशावरही खूश न होणारी मुलगी त्या आठवड्यात भाकरी थापतानासुद्धा गुणगुणत होती. त्यांच्या गावानंही शपथ घेतली होती. आता थेंब कशाचे सांडायचे? बानं गूळ पाण्यात कालवला, दोन्ही बापांनी तेच पाणी जमिनीवर सांडलं आणि तेच प्याले. “गेलेल्या म्हाताऱ्यांना गोड लागेल,” बा म्हणाला. सगळे हसले. तेव्हा कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

वर्ष सरलं. त्यांच्या गावातली देवी ओसरली आणि मडकी पुन्हा झाडांवर चढली. आमच्या गावानं मात्र शपथ पाळली. नुसती पाळली नाही, पिणाऱ्याच्या हातचं पाणी घ्यायचं नाही आणि त्याला आपल्या भांड्यातून द्यायचं नाही, असंही ठरवलं. लग्न तोंडावर आलं तशी मुलाचा बाप आणि काका आमच्या अंगणात येऊन बसले. काका म्हणाला, “आमच्या म्हाताऱ्यांनी ताडी प्यालेली नाही. मग शब्द दिला कोणी?”

“गुळाचं पाणी तुम्हीच प्यालात ना?” बा म्हणाला.

“आम्ही प्यालो. ते नाही प्याले.”

मला आजही त्या काकाचा राग येतो. पण तो खोटं बोलत नव्हता. लग्नानंतर एक मूल जरी दगावलं असतं, तरी सगळ्यांनी त्या गुळाच्या पाण्याकडेच बोट दाखवलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं काढलेली ताडी सांडावी, नाहीतर सोयरीक झालीच नाही असं समजावं. बहीण दाराआड उभी होती. ती एवढंच बोलली, “मी दुसरीकडे जाणार नाही.”

बानं दोर खाली काढला. आई आडवी आली. “चढलास तर माझ्या हातचं पाणी तुला नाही.”

“आणि नाही चढलो तर पोरीला काय देऊ?”

आई बाजूला झाली नाही. बा तिला वळसा घालून गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यानं फेसाळलेलं मडकं अंगणात आणून ठेवलं. आपल्या बापाचं नाव घेऊन थेंब सांडले, मुलाच्या बापानं सांडले, दोघे प्याले. रीतीप्रमाणे बहिणीनं बोट बुडवून ओठांना लावलं. ते लावताना ती आईकडे बघत होती आणि आई चुलीकडे.

लग्न झालं. आई रांधायला होती, पंगतीला नव्हती. त्या दिवसापासून बाचं पाण्याचं मडकं, बाची थाळी ओसरीवर वेगळी झाली. आम्हाला वाटलं, हे नवराबायकोचं आहे, निवळेल.

पावसाळ्यानंतर बहीण पहिल्यांदा माहेरी आली. उन्हातून, दोन डोंगर चालून, पोटुशी. मी धावत जाऊन तिचं गाठोडं घेतलं. ती सरळ आत येऊन सवयीनं पाण्याच्या मडक्याकडे वळली, आणि आई म्हणाली, “थांब.”

आईनं तांब्या भरला. बहिणीला ओटीवर बसवलं, ओंजळ धरायला सांगितली आणि वरून, हात लागू न देता, धार सोडली. परक्या वाटसरूला घालतात तशी. आईनं तोंड फिरवलं होतं, निम्मं पाणी बाहेर सांडत होतं. तिला हे करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि तरी मी तिला कधी माफ केलं नाही.

बहिणीनं ओंजळ भरू दिली. पण प्याली नाही. बोटं सैल सोडून सगळं पाणी तिनं जमिनीवर सांडलं आणि सांडताना आईचं नाव घेतलं.