राखणेचा मेल

कामांची यादी मी वेगळी कुठे लिहीत नाही. ती माझ्या मेलमध्येच असते. इनबॉक्समध्ये जे दिसतंय ते काम बाकी. झालं की तिथून हलवायचं. कोणी तोंडी काही सांगितलं तर मी स्वतःलाच मेल पाठवते, विषयात 'खोली तीनचा पंखा' नाहीतर 'बोटवाल्याला विचारणे' एवढंच लिहून. आज जमणार नसेल त्या मेलला पुढची वेळ देऊन दूर पाठवायचं; त्या वेळेला तो आपोआप परत वर येतो. देवबागच्या ज्या निवासाची बुकिंगं मी सांभाळते, तिथले मालक अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहितात आणि मग काय लिहिलंय ते मलाच विचारतात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगते.

आमचं गाव आत, डोंगराकडे. घराच्या मागे काजूची बाग. बाबा दिवसातून कितीदा तरी ऑफिसात फोन करायचे: कुंपणाची तार आण, कोयत्याला मूठ बघ. मालक माझ्याकडे बघत राहायचे. शेवटी मी बाबांच्या फोनवर मेल उघडून दिला आणि दाखवलं: बोला, तो लिहून घेईल, मग हे दाबा. चौथी शिकलेला माणूस, पण लगेच जमलं. मात्र फोनशी ते आपल्या बोलीत बोलेनात.

"तुज्या ऑफिसात जाता ना ता," ते म्हणाले. "मगे थंय आमची बोली कशी चलात?"

त्यामुळे घरात मला 'गो' म्हणून हाक मारणारा माणूस इनबॉक्समध्ये तलाठ्यासारखा बोलायचा. 'तार आणावी. जाड असावी.'

गणपती विसर्जनानंतर बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि मालवणला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचे काही मेल माझ्याकडे बाकी होते. एकेक काम मी करत गेले, मेल हलवत गेले. शेवटी एकच उरला. 'बागेची राखण द्यायची आहे. विसरू नये.'

आमच्याकडे काजीला मोहर यायच्या आधी बागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा आणि नारळ देतात; तीच राखण. जागेचा मालक तो, आपण त्याची कुळं. घरातला कर्ता पुरुष गाऱ्हाणं घालतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं सुखदुःख त्याच्या कानावर घालतो, आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. पहिल्या वर्षी काका म्हणाले, सुतकाचं वर्ष आहे, राहू दे. मला बरं वाटलं. मी तो मेल उद्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर तो सगळ्यात वर. ठळक अक्षरांत बाबांचं नाव, जणू आताच पाठवलाय. मी परत उद्यावर टाकला. मग रोज तेच. एकदम वर्षभराची वेळ देता आली असती. दिली नाही. ते काम झालं की बाबांनी सांगितलेलं आणि बाकी असलेलं काहीच उरणार नव्हतं. एकदा पैसे द्यायला आलेल्या पाहुण्या बाईंना पडद्यावर माझंच आडनाव दिसलं. "घरून मेल आलाय वाटतं," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

घरी वेगळंच चाललं होतं. आईला दुपारच्या वेळी बागेतून काठीचा आवाज यायचा.

"तो येरझाऱ्यो घालता," ती म्हणायची. तो म्हणजे राखणदार. "तेका राखण नाय गावली."

"माकडं असतील गो आई."

"माकडा काठी घेवन फिरतत?"

एका सुट्टीच्या दिवशी मी घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. ठक. मग थोडं थांबून, ठक. गुडघा दुखायला लागल्यावर बाबा ज्या चालीने चालायचे, त्या चालीने. कुंपणापर्यंत गेले. सुकी पानं होती, कोणी नव्हतं. आईला सांगितलं नाही. मी बी.कॉम. आहे, जे बघितलं नाही त्याची नोंद मी करत नाही.

सुतकाचं वर्ष सरलं तरी राखण झाली नाही. आईने बागेत जाणंच टाकलं. रान गुडघाभर वाढलं. ते आता काढलं नाही तर पडलेली काजी सापडणार नव्हती. गडी मी बोलावते म्हटलं तर ती कुंपणाच्या बेड्यात, आत जायच्या वाटेवरच, आडवी उभी राहिली.

"राखण दिल्याशिवाय कोणाक आत सोडुचंय नाय. नायतर बाग इकून टाक."

मी काकांकडे गेले. म्हटलं, तुमच्या बागेबरोबर आमचीही राखण द्या.

"माज्या बागेचो राखणदार माका वळाखता," काका म्हणाले. "तुमचो तुज्या बापाशीक वळाखी. आता तेका तुजी वळख होयी."

"बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं?"

"घालुचा नाय असा खंय लिवलेला नाय. घातलेला पण कोणी नाय. तू एवढा शिकलंस ना, मगे सुरवात तूच कर."

बागेच्या कोपऱ्यात किंजळीच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. काकांनी कोंबडा धरला. आई कुंपणाबाहेर तार धरून उभी. मी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं, "राखणदारा, आम्ही आपणांस अशी विनंती करतो की..."

"गो चेडवा, तो काय कलेक्टर आसा?" काका म्हणाले. "रीतीन सांग."

लहानपणी दरवर्षी मी बाबांच्या मागे उभी असायची. मला येतं हे मलाच माहीत नव्हतं.

"बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तुजो जो सेवक होतो, तो गेलो. तेचा सगळा आता माज्यार इला. चुकला माकला पोटात घाल. ह्या लेकरांका संबाळ."

काकांची साथ आली नाही. मी मान वळवून पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला. तो खाली उतरला होता, खरखरत होता, आणि बाबा जिथे दम घ्यायला थांबायचे तिथेच थांबत होता. मी तसं करत नव्हते. ते होत होतं.

"व्हय म्हाराजा," काका उशिराने म्हणाले.

सगळं आटोपल्यावर आई आत आली. माझ्याकडे न बघता काकांना म्हणाली, "माका वाटला ते इले."

"माका पण," काका म्हणाले.

जेवणं झाल्यावर आईने विचारलं, "त्येंका सांगलंस?"

"कोणाक?"

"ज्येंनी सांगलेला त्येंका."

मी फोन काढला. बाबांच्या मेलखाली लिहिलं, 'राखण दिली.' आणि पाठवलं. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाच्या डब्यामागे काहीतरी वाजलं. बाबांचा फोन. तो चालू आहे हे मला माहीत नव्हतं. आई तो इतके दिवस चार्ज करत होती, शेजारणीकडून रिचार्जही मारून घेत होती. पडद्यावर माझं नाव आलं होतं.

"उघडू काय?" मी विचारलं.

"नको. त्येंचा आसा ता," असं म्हणून तिने फोन होता तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन बागेत गेली आणि मी देवबागला आले. कॉम्प्युटर उघडला. नऊ वाजून गेले. बाबांचं नाव आलं नाही. येणारच नव्हतं, मीच तो मेल हलवला होता. मालक कॅलेंडरवरचं काहीतरी विचारत होते. ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं त्यांना.