वजाबाकीचा मुद्दा वरून आला नाही

मुखेड तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत दर महिन्याला एक मार्गदर्शक सर येतात. मागे बसून आमचं शिकवणं बघायचं आणि सुधारणा सुचवायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्या नावाने सगळेच शिक्षक बोटं मोडतात. त्या महिन्यात मी मात्र त्यांची वाट बघत होते, कारण माझा तिसरीचा वर्ग वजाबाकीत अडकला होता.

काड्यांचे दहादहाचे गठ्ठे सुटे करून बेचाळीसातून सतरा काढा म्हटलं, की पोरं बरोबर पंचवीस सांगत. तेच वहीत मांडलं की पस्तीस! दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढून मोकळे. नाना परींनी शिकवून मी हात टेकले होते.

सर आले, तासभर टॅबवर खुणा करत बसले. मग म्हणाले, "म्याडम, तुमी फळ्याजवळच थांबता. वर्गात फिरा. अन् जरा हसत जावा."

माझं डोकं सणकलं. "हसते सर. पण ही वजाबाकी पोरांच्या गळी कशी उतरवू ते सांगा."

"या महिन्याचा मुद्दा वर्गातला वावर हाय. वजाबाकीचं वरून आलं न्हाई अजून."

वरून! पोरं काय वरची परवानगी घेऊन चुकतात? मी खडू सरळ त्यांच्या हातात दिला.

त्यांनी समजावलं, पोरांनी माना डोलावल्या आणि पुन्हा पस्तीसच लिहिलं. सर घामाघूम झाले. शेवटी टॅब बाजूला ठेवून पोरांत मांडी घालून बसले आणि एका मुलीला विचारलं, "असं का केलंस बाळा?"

"मोठ्यातून बारकं काढायचं म्हणून पैल्लीत शिकिवलंय की."

गाठ कुठे बसलीय ते आम्हा दोघांना आत्ता कळलं होतं. मला मनापासून आनंद झाला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुढच्या शाळेत हजेरी लावायची होती.

मी गाडीपर्यंत मागे गेले. "सर, अर्धा तास थांबा. आता कसं मांडायचं ते दोघं मिळून बघू."

"मलाबी थांबावं वाटायलंय म्याडम," ते म्हणाले, "पण थांबल्याची नोंद कुठं करू?"

आणि त्यांनी गाडीला किक मारली.