मागच्या खोलीतली झोप

फणकाऱ्याचा राग ज्यानं पाहिला नाही असा माणूस त्या गावात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो परवा राहायला आलेला असणार. तिचं खरं नाव लॉजच्या पाटीवर रंगवलेलं आहे. पण पाटी वाचायची तर मान वर करावी लागते, आणि बाईचा आवाज मान खाली घालूनही ऐकू येतो. म्हणून पाठीमागे ती फणकारा, तोंडावर काकू. नवरा तिला नुसतं 'अगं' म्हणतो. तो एका कानानं बहिरा आहे. लग्नाआधीपासून की लग्नानंतर, यावर गावात दोन तट आहेत.

गावातलं ते एकुलतं एक लॉज. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची लांब टेबलं, वर खोल्या. पुढची खोली रस्त्यावर उघडते, मागची तळ्यावर. तळ्याकाठी जुनी झाडं आहेत आणि त्या झाडांवर बगळ्यांची, रातबगळ्यांची, पाणकावळ्यांची अख्खी वसाहत. पिल्लं झाली की फांदी कुठली आणि पाखरू कुठलं ते कळत नाही. दिवसा बगळे भांडतात, रात्री रातबगळे, आणि पिल्लं दोन्ही पाळ्यांत ओरडतात. खाली दोरीवर वाळत घातलेल्या चादरी पांढऱ्याच्या आणखी पांढऱ्या होतात, फक्त नको त्या जागी.

या पाखरांना फणकाऱ्यानं आयुष्यभर शिव्या घातल्या. सासू वारली त्या दिवशीसुद्धा एकीकडे डोळे पुसताना दुसरीकडे वर बघून "मेल्यांनो, आज तरी!" म्हणाली, हे शेजारणीनं कानानं ऐकलंय. नगरपालिकेकडे तक्रारी केल्या. झाडं तोडा नाहीतर मला साबण तरी पुरवा, असं लिहिलं. नगरपालिकेनं नेहमीप्रमाणे दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

मग गेल्या वर्षी दुर्बीण आला. त्या भागातून विजेची मोठी लाइन जायची होती, उंच मनोऱ्यांची. तिच्यामुळे झाडांचं, पाण्याचं, पाखरांचं काय होईल ते बघायला कंपनीनं एक पोरगेला तज्ज्ञ पाठवला. गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून त्याचं नाव दुर्बीण. तिच्या दोन्ही भिंगांवरची झाकणं मात्र कुणी कधी काढलेली पाहिली नाहीत. दिवसभर हा जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरून बसायचा आणि भात आणखी आहे का विचारायचा. फणकाऱ्याला तो आवडला. खाणाऱ्यावर ती फार लवकर भाळते.

त्याला दिली होती मागची खोली. दुसऱ्याच दिवशी तो लाल डोळ्यांनी खाली उतरला.

"काकू, खोली बदलून द्या. हे बगळे झोपू देत नाहीत."

"मला बावीस वर्षं देत नाहीयेत. सवय होते."

"नाही हो, डोकं फुटायची वेळ आलीय. कानात कापूस घातला तरी ऐकू येतं."

पुढच्या खोलीत ती आणि नवरा झोपायचे, तिथं आवाज निम्माच यायचा. तिनं ती त्याला दिली आणि स्वतः मागच्या खोलीत गेली. नवऱ्याचं काय, तो चांगला कान उशीत खुपसायचा आणि घोरायचा. जागी राहायची ती एकटी. दोन महिने. मधे दुर्बिणीला ताप आला, तर पट्ट्या ठेवायलाही हीच. जाताना पोरानं वाकून नमस्कार केला, आणि फणकाऱ्यानं त्याला डबा भरून दिला. असला डबा तिनं सख्ख्या भावाला कधी दिला नव्हता, हे भावजयच सांगते.

वर्षभरानं अहवाल आला. जनसुनावणी लागली. ज्याला वाचायचाय त्यानं नगरपालिकेत येऊन वाचावा, अशी दवंडी रिक्षातून फिरली. फणकाऱ्याला वाचायला वेळ कुठला. जेवायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांना तिनं सांगितलं, "जरा बघून या, आमच्याकडचं काय लिहिलंय त्या पोरानं."

मास्तर बघून आले. ताटावर बसले आणि आमटी कालवत म्हणाले, "लाइन तळ्यावरून जाणार. काठची झाडं जाणार सगळी."

"सगळी? आणि पाखरं?"

"पाखरं नाहीतच."

"नाहीत म्हणजे?"

"असं लिहिलंय. तळ्याच्या परिसरात पक्ष्यांचा वावर नगण्य. दोन महिने प्रत्यक्ष राहून केलेली पाहणी."

फणकाऱ्यानं पळी आमटीच्या पातेल्यात ठेवली, गॅस बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर पिल्लांचे दिवस होते, कलकलाट ऐन रंगात आला होता. मास्तर सांगतात, तिच्या मानेवरची शीर दिसत होती.

"मग मी दोन महिने जागी कशानं होते?" ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "त्याच्या आजोबाच्या खोकल्यानं?"

त्या दिवशी सगळ्यांना खारट आमटी मिळाली आणि कुणीही चकार शब्द काढला नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अधिकारी आले. सरकारी माणूस, निवृत्तीला आलेला, हातात एकच बॅग. उतरायला दुसरी जागा नाही. फणकाऱ्यानं हसून स्वागत केलं. नवरा घाबरला. बायको अशी हसली की तो घाबरतो.

"साहेब, पुढच्या खोलीतला नळ गळतोय. मागची देते. हवा छान येते."

"नळ कुठं—" नवरा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा दुसराही कान गेला.

सकाळी साहेब खाली आले ते भिंतीला धरून. डोळे टोमॅटोसारखे. तिनं पुढ्यात चहा ठेवला.

"काय हो बाई, हा आवाज कसला? आधी वाटलं शेजारी कुणी घसा खाकरतंय. मग वाटलं, अख्खा बाजारच खिडकीत भरलाय."

"आवाज?" फणकारा म्हणाली. "असेल साहेब. अहवालात तर काही नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चहा प्यायला. आणखी एक मागितला.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. समोर साहेब. एका बाजूला कंपनीची माणसं एका ओळीत, सगळ्यात कडेला दुर्बीण, मान खाली. कंपनीच्या वकिलानं पडद्यावर चित्रं दाखवली. चित्रातली झाडं इतकी हिरवी की ती गावातली नाहीत हे आंधळ्यालाही कळावं. मग नावं पुकारली गेली. कुणी रस्त्याबद्दल बोललं, कुणी नोकऱ्यांबद्दल. फणकाऱ्याचं नाव आलं तेव्हा ती उठली, पण साहेबांकडे बघितलंच नाही.

"का रे, ओळखलंस का?"

दुर्बीण उभा राहिला. "हो काकू."

"खोली का बदलून घेतलीस?"

त्यानं गळ्यातली दुर्बीण चाचपली.

"तापात पट्ट्या कुणी ठेवल्या ते विचारत नाहीये. जेवलास किती तेही नाही. खोली का बदललीस एवढंच सांग."

"झोप लागत नव्हती," तो पुटपुटला.

"कशानं? मोठ्यानं सांग, मागच्यांना ऐकू जात नाहीये. आमचे हे तर एका कानाचे आहेत."

हॉलमध्ये हशा उठला. वकील ताडकन उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता, आणि चेहऱ्यावर सापळ्यात उंदीर अडकल्यावर येतो तसा आनंद.

"साहेब, या बाईंचं पक्षिप्रेम एकदा बघून घ्या. ही त्यांनीच नगरपालिकेला केलेली तक्रार. वाचतो. 'घरामागच्या झाडांवर पक्ष्यांनी उच्छाद मांडला आहे. संख्या मोजण्यापलीकडे गेली आहे. रात्रंदिवस कलकलाट चालतो. मेहरबानांनी झाडे तोडून टाकावीत.' सही यांची. आता बोला."

"छान वाचलंत," फणकारा म्हणाली. "आता त्याच हातानं अहवालातलं पान वाचा."

वकिलानं हातातला कागद उलटून पाहिला.

"वाचा की. एका खिशात मोजण्यापलीकडची पाखरं आणि दुसऱ्या खिशात नगण्य. कुठला खिसा खरा ते आधी ठरवा, मग माझं प्रेम बघा."

हॉल एवढा हसला की शिपाई आत डोकावला. वकील चाचपडत म्हणाला, "पण तुम्हीच तर शिव्या घालता त्यांना!"

"घालते. दिरालाही घालते. म्हणून तुम्ही येऊन त्याचा गळा आवळाल आणि वर लिहाल की यांना दीर नव्हताच?" आता तिच्या आवाजातलं हसू संपलं होतं. "तोडायची तर सरळ तोंडावर सांगा की तोडणार. पाखरं आहेत, ती मरतील, तरी आम्हाला तार न्यायचीय, असं लिहा. मी भांडेन, तुम्ही भांडा, कुणीतरी जिंकेल. पण असलेल्याला नाही म्हणायचं? माझ्या घरात राहून, माझं खाऊन, माझ्याच खोलीत झोपून?"

साहेबांनी चष्मा काढला आणि बोटांनी डोळे दाबले.

"काल मागच्या खोलीत मी होतो," ते लेखनिकाला म्हणाले. "तेही लिहून घ्या."

मग त्यांनी सांगितलं की पाहणी पुन्हा होईल, याच हंगामात, आणि तोवर झाडांना कुणी हात लावायचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फणकाऱ्यानं नाही.

"आणि पुन्हा खोटं लिहिलं तर?" तिनं विचारलं.

साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर फाटकापाशी दुर्बिणीनं तिला गाठलं. "काकू, मी लिहिलं होतं हो. पहिल्यांदा सगळं लिहिलं होतं. वरून बदललं."

"वरून बदललं," ती म्हणाली. "आणि खाली सही कुणाची?"

ती तशीच चालू लागली. मागून नवरा पळत आला तर त्यालाही वाटेत दोन ऐकवल्या, त्याचा काही संबंध नसताना.

पुढच्या आठवड्यात तोच दुर्बीण बॅग घेऊन लॉजच्या दारात. कंपनीनं पुन्हा त्यालाच धाडलं होतं, आणि उतरायला दुसरी जागा गावात अजूनही नव्हती. फणकाऱ्यानं मागच्या खोलीची किल्ली टेबलावर आपटली. ताटही आपटलं. भात मात्र विचारून वाढला नाही, न विचारताच वाढला, आणि वाढताना त्याच्याकडे बघितलं नाही.

सकाळी तो खाली आला. डोळे लाल.

"काकू, थोडा कापूस मिळेल?"

"नाही."

लाइनचं काय होणार ते अजून कुणालाच ठाऊक नाही. मास्तर म्हणतात, थोडी वळवून नेतील. भावजय म्हणते, वळवतात कसले, साहेब निवृत्त झाले की सरळच नेतील. त्याच सकाळी फणकारा चादरी वाळत घालत होती. शेवटची चादर झटकून दोरीवर टाकली तोच वरून सट्टकन पडलं, बरोब्बर मधोमध.

"अरे मेल्यांनो!" ती वर बघून ओरडली. "तुमच्यापायी मी भरल्या हॉलमध्ये भांडले, आणि तुम्ही माझ्याच—"

मागच्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण उभा होता. भिंगांची झाकणं खिडकीच्या कट्ट्यावर पडली होती, आणि तो झाडांकडे बघायचा सोडून तिच्याकडे बघत होता. ओठ दाबून हसू आवरत होता.

"हसतोस काय?" ती त्याच आवाजात म्हणाली. "मोज."